पुरवठ्याची साखळी आणि पॅकिंगच्या बायका
(मुळशी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



७ जून २०२१ ला आपल्याच तालुक्यात, उरवड्याला, पाणी शुद्ध करायची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार गेले. त्यांत १५ बायका होत्या. आग लागली ती पॅकिंगच्या जागी.

माल पाहिला तर लोकांच्या आरोग्याचा. घेणाऱ्याच्या अहवालात तो 'शाश्वत' म्हणून सहज बसतो. पण तो खोक्यात भरणारी बाई संध्याकाळी घरी परतत नसेल, तर त्यात शाश्वत ते काय?

मोठ्या कंपन्यांनी पर्यावरणाचा आणि कामगारांचा हिशेब द्यावा, असा नियम सेबीने केला. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. त्यांना माल पुरवणाऱ्यांचा हिशेब मात्र २०२५ मध्ये ऐच्छिक ठरवला, आणि तोही ज्यांचा वाटा २ टक्के किंवा जास्त आहे त्यांच्यापुरता. गावाबाहेरची छोटी शेड त्यात येणार कशी?

म्हणजे हे काम अहवालावर सोडून चालणार नाही. खरेदीदार भाव पाडतो, मुदत आवळतो, आणि मालक काटछाट करतो ती आपल्या मजुरीत आणि सुरक्षेत. म्हणून सुरक्षेची अट खरेदीच्या करारातच हवी.

हे होऊ शकतं. तमिळनाडूत दिंडिगलला कपड्याच्या कारखान्यातल्या एका तरुण कामगार मुलीचा खून झाला. बायकांच्या नेतृत्वाखालच्या टीटीसीयू या युनियनने लढा दिला आणि २०२२ मध्ये करार घडवला. मालकाबरोबर एच अँड एम, गॅप यांसारखे खरेदीदारही त्यात बांधले गेले. मालकाने करार मोडला, तर त्याच्या ऑर्डरींवर गदा येईल, अशी त्यात अट होती.

आपण सुरुवात कुठून करायची? आपल्या गावातल्या बायका कोणत्या शेडमध्ये जातात, तो माल पुढे कुणाकडे जातो, याची यादी करू या. मग प्रत्येक ठिकाणी विचारू: कंत्राटी बाईचं नाव हजेरीपटावर आहे का? ईएसआयचं कार्ड मिळालं का? बाहेर पडायच्या वाटा किती, आणि कामाच्या वेळी त्या उघड्या असतात का? ज्वलनशील माल पॅकिंगपासून लांब ठेवलाय का?

उत्तरं एकट्या बाईने मागितली तर तिचं काम जाईल. म्हणून ती संघटनेच्या नावाने मागायची; मालकाकडे, कारखाना निरीक्षकाकडे, आणि खोक्यावर ज्याचं नाव छापलंय त्या कंपनीकडेही.