व्हिसाची मुलाखत : तयारी कशाची करावी?

विवाहाने दोन घरे जोडली जातात, ही आपल्या समाजातील फार जुनी समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु त्या दोन घरांच्या मध्ये जेव्हा दोन राज्यांची सीमा येते, तेव्हा ती अपुरी पडते. पेडणे व डिचोली या तालुक्यांतील वडीलधाऱ्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. या मुलखाच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आरोंदे, बांदे, सावंतवाडी व दोडामार्ग या बाजूस होत आल्या. १९५५ च्या १५ ऑगस्टला पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला पणजी येथील भारताची वकिलात बंद झाली. तेव्हापासून १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत, हाकेच्या अंतरावरील माहेरी जाणे हेदेखील परवान्यावाचून अशक्यप्राय होऊन बसले होते. नाते कितीही खरे असले, तरी ते वाट अडवून बसलेल्या अधिकाऱ्याला पटावे लागते, हा धडा या भूमीने तेव्हाच घेतला आहे.

त्याच पेडणे तालुक्यात आज मोपाचा विमानतळ आहे; २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने सुटू लागली. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावर परदेशी माणसांची ये-जा कित्येक दशके चालू आहे. त्यांतून काही विवाहही जमतात. मग केव्हा तरी नवरा म्हणतो की, चार आठवडे जाऊन माझ्या आईवडिलांना भेटून येऊ. बेत साधा आणि हेतू शुद्ध. परंतु पत्नीचा पासपोर्ट भारताचा असल्यामुळे तिला व्हिसा हवा आणि व्हिसासाठी मुलाखत द्यावयास हवी. देशोदेशींचे नियम सारखे नाहीत. कोठे नुसत्या कागदांवर निर्णय होतो, तर कोठे समक्ष बोलावले जाते. अमेरिकेचा नियम सर्वांत उघड शब्दांत मांडलेला असल्याने त्याचेच उदाहरण येथे घेणे सोयीचे होईल.

अमेरिकेचा १९५२ चा कायदा असे सांगतो की, प्रवासी म्हणून येऊ इच्छिणारा प्रत्येक परदेशी मनुष्य कायमचा राहावयास येत आहे, असेच प्रथम समजावे. तसे नाही, हे अर्जदाराने अधिकाऱ्याची खात्री पटेपर्यंत दाखवून द्यावयाचे. न्यायालयात आरोप करणाऱ्याने पुरावा आणावयाचा असतो. येथे पुराव्याचा भार सर्वस्वी अर्जदारावर आहे. आणि या ठिकाणी लग्नाचे नाते उलट्या बाजूस तोलले जाते. ज्या स्त्रीचा पती अमेरिकेचा नागरिक आहे, तिला तेथे राहून जाण्याचे कारण इतरांपेक्षा अधिक, असा तर्क अधिकारी करतो. त्यात तिचा अपमान करण्याचा हेतू नसतो. तो कायद्याने शिकविलेला तर्क आहे.

‘मी तेथील नागरिक आहे, माझ्या पत्नीला कोण अडविणार?’ ही पतीची खात्रीही फारशी उपयोगी पडत नाही. २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ नावाच्या एका नागरिक स्त्रीच्या खटल्यात बहुमताने असा निर्णय दिला की, आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नव्हे. तो खटला कायम वास्तव्याच्या व्हिसाचा होता. परंतु विवाह म्हणजे दाराची किल्ली नव्हे, एवढा बोध त्यातून सर्वांनीच घ्यावा.

तेव्हा तयारीचा आरंभ मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत होत नाही. तो घरातच व्हावयास हवा. पतिपत्नींनी प्रथम एका प्रश्नाचे उत्तर एकमेकांना द्यावे : आपले घर कोठे आहे? दोघेही गोव्यात राहत असतील, पतीचा येथे राहण्याचा रीतसर परवाना किंवा प्रवासी भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असेल, भाड्याचा करारनामा किंवा येथील व्यवसाय असेल, तर त्याचेच कागद पत्नीच्या बाजूने सर्वांत बळकट साक्ष देतात. नवराच येथे रुजलेला आहे, मग बायको तेथे कशासाठी राहील? याउलट पती अमेरिकेत आणि पत्नी डिचोलीत, आणि मनात कायमचे एकत्र राहण्याची इच्छा, अशी स्थिती असेल, तर प्रवासी व्हिसा हा त्यांचा मार्गच नव्हे. पत्नीसाठी पतीने वेगळा अर्ज करून कायम वास्तव्याचा व्हिसा मागावयाचा असतो. ती वाट लांब आहे, पण सरळ आहे. आडवाटेने लवकर पोहोचू, अशा समजुतीने निघालेले पुष्कळदा मध्येच अडकतात.

काही हितचिंतक सल्ला देतात की, लग्नाचा उल्लेखच करू नये. यापरता घातक सल्ला दुसरा नाही. अर्जात वैवाहिक स्थिती, जोडीदाराचे नाव व राष्ट्रीयत्व, अमेरिकेत असलेले निकटचे नातेवाईक, पूर्वी कोणी आपल्यासाठी स्थलांतराचा अर्ज केला आहे काय, हे सारे स्पष्ट विचारलेले असते. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्यास त्या देशाचे दार जन्मभरासाठी बंद होऊ शकते. एकदा मिळालेला नकार पुढे भरून काढता येतो. एकदा बोललेले असत्य सहसा भरून निघत नाही.

गोमंतकीय अर्जदाराची खरी अडचण पुष्कळदा कागदांतच दडलेली असते. जन्माच्या नोंदीत नाव पोर्तुगीज वळणाने, शाळेच्या दाखल्यात मराठी वळणाने आणि लग्नानंतर सासरच्या चालीने तिसरेच. कॅथलिकांच्या बाबतीत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतील नाव आणखी थोडे वेगळे असू शकते. गावाचेही तसेच, एका कागदावर पेडणे, दुसऱ्यावर पेर्नेम, एकावर डिचोली, दुसऱ्यावर बिचोलिम. येथल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र ही दोन माणसे आणि दोन गावे वाटू शकतात. म्हणून तारीख ठरविण्यापूर्वीच सर्व कागद एका ओळीत मांडून नावे ताडून पाहावीत व फरक असेल तेथे वेळीच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्यावे.

विवाहाचा दाखलाही नीट पाहावा. गोव्यात विवाहाची नोंदणी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन टप्प्यांनी होते. प्रथम इच्छेची घोषणा आणि नंतर अखेरची सही. पहिल्या सहीलाच लग्न झाले असे समजणारे लोक अजूनही आढळतात. चर्चमध्ये होणाऱ्या विवाहातही रजिस्ट्रारचा दाखला आधी लागतो आणि धार्मिक विधीनंतर त्याची नोंद कचेरीत व्हावी लागते. ती झाली आहे, याची खात्री करून घ्यावी. तसेच घराण्यातील जन्मांची नोंद लिस्बन येथे करवून घेण्याचा प्रघात गोव्यात सर्वपरिचित आहे. अर्जदाराची स्वतःचीच नोंद तेथे झाली असेल, तर अन्य राष्ट्रीयत्वाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर जाणत्या वकिलाला विचारूनच लिहावे.

जमिनीविषयीही सावधपणे बोलावे. वडिलोपार्जित घराची वाटणी झालेली नसते आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव असते. अशा वेळी ‘घर माझे आहे’ असे म्हणण्यापेक्षा ‘घर कुटुंबाचे आहे आणि मी तेथे राहते’ असे म्हणणे खरेही आणि सुरक्षितही.

आता मुलाखतीचे स्वरूप. ती बहुधा काही मिनिटांतच आटोपते. कागदांची जाड फाईल उघडलीही जात नाही. अधिकारी माणसाकडे पाहतो, उत्तरे ऐकतो. कोठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, पतीची ओळख कोठे झाली, येथे काय करता, असे प्रश्न येतात. मांद्र्याच्या एखाद्या शिक्षिकेने ‘मी परत येईन, माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी ‘मे महिन्याची सुट्टी आहे, जूनमध्ये शाळा भरते, मुख्याध्यापकांनी रजा दिली आहे, पती येथेच काम करतात, आम्ही दोघेही बरोबर परतणार’ असे ती म्हणाली, तर ऐकणाऱ्यापुढे एक संसार उभा राहतो. उत्तरे पाठ करू नयेत. पाठांतर चटकन ओळखू येते. घरी एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने आपल्या शब्दांत उत्तरे द्यावीत, एवढा सराव पुरे. अस्खलित इंग्रजी ही काही परीक्षेची अट नव्हे. मात्र व्हिसा हाती येण्यापूर्वी विमानाची तिकिटे काढण्याची घाई करू नये.

नकार मिळालाच, तर तो चारित्र्यावरील डाग नव्हे. परत येण्याविषयी खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा अर्ज करता येतो. पण परिस्थितीत काही बदल झाल्यावाचून लगोलग केलेला अर्ज बहुधा त्याच वाटेने जातो. दरम्यान पतीच्या आईवडिलांनी गोव्यास येणे, हाही एक उपाय आहे आणि तो अनेकदा सर्वांत सोपा ठरतो.

तात्पर्य, अधिकाऱ्याचा प्रश्न वरकरणी प्रवासाचा असला, तरी मुळात तो संसाराचा आहे. तुम्ही कोठले, आणि कोणाच्या आधाराने कोठे राहता, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. ज्या पतिपत्नींनी याचे उत्तर आपसांत प्रामाणिकपणे ठरविले आहे, त्यांची निम्मी तयारी घरातच झालेली असते. उरलेली निम्मी कागदांची, आणि ती धीराने करता येते.