मधुमेह आणि आपली भाकरी



सोलापुरात उभे राहून भाकरीविरुद्ध बोलावयाचे म्हणजे धाडसच. ते आम्ही करणार नाही. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यावरच आमचा पिंड पोसला आहे. परंतु भाकरीविषयी एक समज या शहरात घरोघर आहे, आणि तो पसरविण्यात आम्हा डॉक्टर मंडळींचाही हात आहे. मधुमेह झाला की साखर बंद, भात बंद. ज्वारी मात्र हवी तेवढी चालते, असा तो समज.

काही वर्षांपूर्वी विड्या वळणाऱ्या एक मावशी आमच्याकडे आल्या. "मावशी, भात सोडा, ज्वारी खा," असे आम्हीच त्यांना सांगितले. तीन महिन्यांनी पाहतो तो रक्तातील साखर पूर्वीपेक्षा वरच! आम्ही जरा रागावलो. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई गेले. भाताला हात लावला न्हाई. दोन्ही येळेला तीन-तीन भाकऱ्या खाते." चूक त्यांची नव्हती. किती खायची, हे आम्ही सांगितलेच नव्हते.

हिशेब साधा आहे. शंभर ग्रॅम तांदळात पिष्टमय भाग अठ्ठ्याहत्तर ग्रॅमच्या आसपास असतो, ज्वारीच्या पिठात सत्तरच्या आसपास, आणि गव्हाचेही त्याहून फार वेगळे नाही. घरची जाडसर भाकरी सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम पीठ सहज घेते. म्हणजे एका भाकरीत पन्नास ग्रॅम पिष्ट आले. पोटात गेल्यावर त्याची साखरच व्हायची. दहा चमचे साखर म्हणा ना! ज्वारीत चोथा असतो, तिची साखर सावकाश चढते, हे खरे. पण सावकाश चढणारी गाडीही अखेर घाटमाथ्यावर पोहोचतेच. कडक भाकरीचेही तेच. पाणी उडाले म्हणून पीठ उडत नाही.

पिष्ट कमी करण्याचा उपाय काही आजचा नव्हे. चरकाने प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसून राहणे, फार झोपणे, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. इंग्लंडात १७९७ साली जॉन रोलो या लष्करी वैद्याने आपल्या रोग्याला मांसाहारावर ठेवून गुण आल्याचे लिहिले. १९२२ साली माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि लाखो जीव वाचले. मात्र औषध हाती आल्यावर ताटाकडे पाहण्याची निकड उरली नाही. आता ती पुन्हा भासू लागली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह-पाहणीतून २०२५ साली दिसले की, आपल्या लोकांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्ट-साखरेतून येते. त्याच पाहणीच्या आधारे २०२२ साली तज्ज्ञांनी सुचविले होते की, नव्याने मधुमेह झालेल्यांनी हे प्रमाण ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावे आणि प्रथिने १९ ते २० टक्क्यांवर न्यावीत. म्हणजे भाकरी हद्दपार करा असे कोणी म्हणत नाही. तिचे राज्य तेवढे आटोपते घ्यावयाचे आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर नेली. त्यांचा भर किती वेळा खावे यावर. आमचे बोलणे ताटात काय पडते याविषयी आहे.

"मग पोट भरायचे कशाने?" हा प्रश्न रास्त आहे. एक भाकरी, किंवा अर्धीच. आणि तिच्या मोकळ्या झालेल्या जागी मेथी, अंबाडी, मटकीची उसळ, दही, चालत असेल त्याला अंडी. शेंगांची चटणी आहेच, पण चमच्याने. तोंडीलावणे आहे ते, जेवण नव्हे. उपवासाचे मात्र आम्हाला हसू येते. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे एकादशी घरोघर; आणि त्या दिवशी पुढ्यात काय, तर साबूदाणा! जवळजवळ निव्वळ पिष्ट. भाकरीच्या दिवशी तोललेली साखर उपवासाच्या दिवशी उधळते.

यात पैशाचा प्रश्न आहे, तो आम्ही टाळत नाही. रेशनवर धान्य मिळते, उसळ आणि अंडी विकत आणावी लागतात. विड्यांच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या बाईला "प्रथिने वाढवा" म्हणणे सोपे. पण घरात अंडे आले की ते आधी मुलाच्या ताटात जाते. म्हणून मावशींना आम्ही हुलगे आणि मटकीच सांगितली.

आणखी एक गोष्ट, आणि ती विसरलात तर आमचे आजचे सारे बोलणे घातक ठरेल. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना मनानेच भाकरी निम्मी करू नका. औषध तेवढेच राहिले आणि पिष्ट घटले, तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. आधी डॉक्टरांना सांगा, औषध कमी करून घ्या, मग ताट बदला. गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रोगी आणि लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली मुले यांनी तर सल्ल्यावाचून काहीच करू नये; या मुलांचे इन्सुलिन एक दिवसही थांबता कामा नये.

मावशी आता दुपारी एक आणि रात्री अर्धी भाकरी खातात. साखर उतरली, एक गोळीही कमी करता आली. परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, "सून म्हणती, अर्धी भाकरी कोण थापतं? पुरी खावा न्हाईतर ऱ्हावा." आता पुढच्या खेपेला त्या सुनेलाही घेऊन येणार आहेत.