दोन दिवसांत पाच घरं



आज मी धडा शिकवायला उभा नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको पाहुण्यांकडं जाऊन आलो, ते तुम्हांला सांगतो. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत यायचं, असं ठरवलं होतं. दोन दिवसांत पाच घरं! हसू नका. तुम्हीही असंच करता. एकाकडं गेलं आणि शेजारच्या गावात दुसऱ्याकडं गेलं नाही, तर तो वर्षभर बोलून दाखवतो.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. म्हणून आमच्याकडचा वाघ्या घेवडा घेतला, त्याच्या पाच पुरचुंड्या बांधल्या. सातारच्या स्टँडावर कंदी पेढे घेतले. एसटीत माझं तिकीट पूर्ण, कुटुंबाचं अर्धं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी झालेल्यांना तिकीटच नाही. माझं वय ६३, मी कशातच बसत नाही. ही म्हणाली, "तुमच्या एका तिकिटात मी माहेरी जाऊन परत येते." हिशेब बरोबर होता. मी गप्प बसलो.

साताऱ्यात चुलतभावाकडं चहा-पोहे झाले. उंब्रजला भाचीचं बाळ बघितलं, तिथंही पोहेच. नको म्हणावं तर राग, हो म्हणावं तर पोटात जागा नाही. संध्याकाळी कराडला लेकीच्या सासरी पोचलो. व्याही मला प्रीतिसंगमावर घेऊन गेले. तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच आहे. व्याही म्हणाले, "गुरुजी, दोन दिवस राहा की." मी म्हटलं, "पुढच्या वेळी." रात्री मायलेकी स्वयंपाकघरात किती वेळ बोलत होत्या, कोण जाणे. सकाळी विहीणबाईंनी कुटुंबाची ओटी भरली. तेवढ्यात व्याह्यांच्या थोरल्या भावाचं बोलावणं आलं. तिथं पंधरा मिनिटं बसलो आणि पाटणची गाडी धरली.

पाटणच्या पुढं कुटुंबाचं माहेर. ते घर आम्ही शेवटी ठेवलं होतं. तिथंच सगळ्यांत जास्त वेळ द्यायला हवा होता, आणि तिथंच कमी उरला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात जुनं घर पडलं. हे घर सासऱ्यांनी त्यानंतर बांधलं. सासरे मागच्या दिवाळीच्या आधी वारले. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांनी लेकीचा हात धरला तो सोडलाच नाही.

दुपारी चारची गाडी होती. साडेतीनला मेहुणे एक कागद घेऊन आले. म्हणाले, "आक्का, इथं तेवढी सही कर. वारसनोंदीचं काम आहे."

आता माझी चूक सांगतो. मी म्हणालो, "अगं, कर सही. गाडी चुकेल."

आमचं कुटुंब दुसरी शिकलेलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. घरात कागद आला की मात्र, "आण इकडं, मी वाचतो." गेल्या वर्षी ती तुमच्यासारख्याच वर्गात जाऊन बसली. मला न विचारता गेली, हेही सांगून टाकतो.

तिनं कागद हातात घेतला. चष्मा लावला. वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, "ह... क्क... सो... ड... पत्र." मग बोट खाली नेलं. खाली तिचं नाव होतं. त्याच्या शेजारी निळ्या शाईचा एक अंगठा होता. ती म्हणाली, "आई, हा तुझा अंगठा?"

सासूबाई म्हणाल्या, "काल घेतला बाई. कशाचा ते मी विचारलंच नाही."

मंडळी, वारसनोंद वेगळी आणि हक्कसोडपत्र वेगळं. माणूस वारला, की त्याच्या वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात, ती वारसनोंद. बायको, मुलगे, मुली, सगळे वारस. त्यासाठी कुणी हक्क सोडावा लागत नाही. हक्कसोडपत्र म्हणजे, "माझा वाटा मी सोडला," असं लिहून देणं. ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावं लागतं. एकदा नोंदवलं, की मागं फिरणं फार अवघड. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, असा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून देशात आहे. त्या तारखेला बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली सांगितलं. हे सगळं मला ठाऊक होतं बघा. तरी मी म्हणालो, गाडी चुकेल.

मेहुणे वाईट माणूस नाहीत. सासऱ्यांचं दुखणं त्यांनीच काढलं. जमीन ती केवढी, भाताची चार खाचरं आणि वरचा थोडा माळ. ते खाली बघून म्हणाले, "आक्का, सगळ्या बहिणी देतात. मला वाटलं, तू काय नाही म्हणणार आहेस?"

ही म्हणाली, "नाही म्हणतच नाही मी. दिला तर खुशीनं देईन. पण कागदाचं नाव तरी खरं सांगायचं होतंस." मग सासूबाईंकडं वळून म्हणाली, "आणि आईनं वाटा सोडला, तर उद्या तिच्या हातात काय राहील? ते तिला कुणी सांगितलं?"

कुणी बोललं नाही. चारची गाडी गेली. तिचा हॉर्न घरात ऐकू आला.

रात्री मुक्काम केला. कंदिलाचे दिवस गेले, पण दिवा गेलाच होता. मोबाईलच्या उजेडात तिनं सगळा कागद आईला वाचून दाखवला. अडेल तिथं मला विचारी. "निरंतर म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "कायमचं." सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचला. मेहुणे दारात उभे राहून ऐकत होते.

सकाळी तेच आम्हांला फटफटीवरून एकेक करून स्टँडावर सोडायला आले. पिशवीत तांदूळ घातले होते, नाचणी घातली होती. गाडी सुटताना म्हणाले, "आक्का, भाऊबीजेला येशील ना?"

"येते की. आईला घेऊन बसू. तेव्हा बोलू."

"आणि दाजी, तुम्ही पण या. सावकाश या."

भाऊबीज अजून दीड महिन्यावर आहे. कागद आमच्याकडं आहे, तिच्या पेटीत. काय ठरवलंय ते तिनं मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.