नाशिकचे द्राक्ष आणि आपले संत्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या माघात आम्ही पाच मैत्रिणी नाशिकचे द्राक्षमळे आणि वाइनचे कारखाने पाहून आलो. त्याची हकीकत सांगण्याची आज्ञा चिटणीसबाईंनी केली आहे. "बायामाणसांनी पाहण्याजोगे तिथे काय आहे?" असे पुष्कळजणींनी विचारले, म्हणून हे चार शब्द.

शुक्रवारी पहाटे अमरावतीहून निघालो. गाडी दोघीजणी आळीपाळीने चालवीत होत्या. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण होऊन जागतिक विक्रम झाला. अकोल्याला पाचवी मैत्रीण चढली. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला तर तिथले दारूचे दुकान बंद होते. त्या कामासाठी ही बाई खेडोपाडी हिंडलेली. "पाहीन सारे, पण ओठाला लावणार नाही," ही तिची अट आम्ही आनंदाने मान्य केली. दशम्या आणि तिळाची चटणी संपेतो धुळे आले.

शनिवारी गंगापूर धरणाच्या बाजूचे मळे पाहिले. राजीव सामंत यांनी तिथे सुरू केलेल्या सुला कारखान्याची पहिली वाइन २००० साली निघाली आणि २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले. वाइनचे द्राक्ष आपण खातो ते नव्हे. ते लहान, जाड सालीचे, बियांचे. गोडी मोजून मगच तोड करतात. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा काढतात. तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, रंग सालीतूनच उतरतो. पोलादी टाक्या थंड ठेवलेल्या असतात. आमच्यापैकी तिघींनी घोटभर चाखली. मला ती आंबट-तुरट लागली. आपल्या कोकमाची सर तिला नाही!

रात्री मात्र खरा वाद झाला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण सांगितले होते आणि त्यावर राज्यभर गदारोळ उठला होता. अकोल्याची मैत्रीण म्हणाली, "शेतकऱ्याचे भले व्हावे, पण त्याच्या बायकोच्या घरात बाटली शिरून नव्हे." दुसरी म्हणाली, "मग माल सडू द्यायचा का?" दोघींचेही मला पटले. द्राक्षाला वाइनखेरीज दुसरी वाटही आहे. सांगली-तासगावकडे त्याचाच बेदाणा होतो.

आणि आपले संत्रे? वरूड-मोर्शीकडे भाव पडला की फळ बागेबाहेर टाकलेले आपण पाहतो. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. तो कडवटपणा बियांतून आणि पापुद्र्यांतून येतो. नाशिकला एक गोष्ट नीट पाहिली: द्राक्ष हलक्या दाबाने पिळतात, बी फुटू देत नाहीत. बी फुटली की रस बिघडला. हा धडा बाटलीवाचूनही घेता येतो. बिया आणि पापुद्रे काढून गर घ्यावा, सरबत त्याचेच करावे, सालीचा मुरंबा घालावा. सारे आपल्या चुलीवर होणारे आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, येत्या आंबिया बहाराची फळे आली की मंडळाने दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. फळ बाजारातून न आणता थेट बागाईतदाराच्या घरच्या बाईकडून, रास्त भावाने घ्यावे आणि तिलाही वर्गाला बोलवावे. अकोल्याच्या मैत्रिणीने पहिले नाव नोंदवले आहे, दुसरे माझे. उरलेली नावे चहापानाच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावीत, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.