खाणधंदा आणि वकिलाचे काम
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कायद्याच्या विषयावर बोलण्यासाठी एका निवृत्त मास्तराला उभे करावे, हे कार्यकारी मंडळाचे धाडसच म्हटले पाहिजे. मी वकील नव्हे. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही. परंतु इतिहास शिकविताना सनावळ्या घोकण्याची जी सवय जडली, ती येथे उपयोगी पडली. कारण खाणीच्या कायद्यात सारा जीव तारखांत असतो.

खाण म्हटली की डोळ्यांपुढे लाल धूळ, ट्रकांची रांग आणि मांडवीतील बार्जी येतात. त्यामागचा वकील दिसत नाही. वस्तुतः पहिली कुदळ पडण्यापूर्वीच त्याचे काम सुरू होते. जमिनीचे कागद तपासणे, खाणपट्ट्याचा करार, वनजमीन असल्यास १९८० च्या कायद्याखालील मंजुरी, पर्यावरणाचा दाखला, स्वामित्वधनाचा हिशेब आणि, २०१५ पूर्वी, पट्ट्याच्या नूतनीकरणाचा अर्जही! मोठमोठ्या कंपन्या यासाठी वकिलांची अख्खी पेढी बाळगतात, आणि त्यात गैर असे काही नाही.

आता गोव्याचा इतिहास पाहा. पोर्तुगीज अमदानीत मिळालेल्या खाणींच्या सनदा मुदतीवाचून होत्या; बापाकडून मुलाकडे जाव्यात अशा. मुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी, १९८७ मध्ये, संसदेने त्या रद्द करून त्यांना १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालील पट्टे ठरविले, आणि तेही २० डिसेंबर १९६१ पासून. सनदेला मुदत नव्हती, पट्ट्याला मात्र असते. एका शब्दाच्या बदलाने केवढा फरक पडला, हे पुढे दिसून आले.

२१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निर्णय दिला. पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली. वीस वर्षांचे पहिले नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले. तेव्हापासून १० सप्टेंबर २०१२ रोजी सरकारने काम थांबवीपर्यंत जे खोदले गेले, ते बेकायदेशीर होय. ज्या वर्षांत खनिजाची गाडी सर्वांत भरधाव धावत होती, नेमकी तीच ही वर्षे! यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण केले. त्यांपैकी कित्येक तर १२ जानेवारी २०१५ चा लिलावाचा वटहुकूम निघण्याच्या तोंडावर. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ते सारे रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या.

येथे मला जे म्हणावयाचे आहे ते हे की, खाणमालकापाशी मुदत मोजणारा वकील होता, ट्रकवाल्यापाशी नव्हता. घरातील सोने गहाण टाकून, बँकेचे कर्ज काढून ज्यांनी ट्रक घेतले, त्यांपैकी कितीजणांनी विचारले असेल की, ज्या खाणीच्या भरवशावर आपण हप्ते बांधून घेत आहोत, तिचा पट्टा किती वर्षांचा उरला आहे? हप्त्याचा कागद मात्र आपण मुकाट्याने सही करून देतो.

शेतकऱ्याचेही तसेच. पट्ट्याबाहेरच्या जमिनीवर खाणीची माती टाकता येत नाही, असे त्याच २०१४ च्या निर्णयात म्हटले आहे. हे ज्याला ठाऊक असेल, तो आपल्या शेताच्या बांधाशी उभा राहून प्रश्न विचारू शकेल. ज्याला ठाऊक नाही, तो पावसाळ्यात गाळाने भरलेली खाचरे पाहत बसेल.

पर्यावरणाच्या दाखल्यापूर्वी जेथे जाहीर सुनावणी घ्यावी लागते, तेथे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे निदान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते व अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तो वाचावयास पंचायतीत जाणारे किती? सभेच्या दिवशी आरडाओरडा करणारे पुष्कळ. लेखी हरकत देणारे थोडे.

आपल्या ज्ञातीतील मुले-मुली आता वकिलीकडे वळत आहेत. त्यांपैकी काही पेढ्यांत जातील, खाणमालकांचे कागद करतील; ते त्यांनी सुखेनैव करावे. मात्र महिन्यातून एका रविवारी दोन तास त्यांनी संघाच्या सभागृहात बसावे, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवली आहे. ज्याला ट्रक घ्यावयाचा आहे, जमीन भाड्याने द्यावयाची आहे किंवा हरकत नोंदवावयाची आहे, त्याने एक-चौदाचा उतारा आणि हाती असतील ते सारे कागद घेऊन यावे. टेबल, खुर्च्या आणि चहा यांची जबाबदारी माझ्याकडे.