खर्ज कानाला लागू द्या

बास गिटारवर बोलायचं आणि तेही रेडिओवरून, म्हणजे पंचाईतच आहे. या वाद्याची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. तुमच्या उशाशी असलेल्या छोट्या रेडिओला एवढा खालचा सूर काढता येत नाही, मोबाइलच्या स्पीकरलाही नाही. त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात आणि मूळ सूर आपला मेंदू पदरचा घालून ऐकतो. म्हणून ताडकळसचा एखादा पोरगा मोबाइल पुढं करून मला विचारतो, ‘काका, ह्यात बास कुठंय?’ तेव्हा दोष त्याच्या कानाचा नसतो. आधी बरे हेडफोन घ्या, गिटार नंतर.

तसा हा आवाज आपल्याला नवा नाही. सप्ताहात पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात ती कशासाठी? त्या बाजूचा आवाज खाली उतरावा म्हणून. ती कणीक वाळत आली की गाणारे तेच, टाळ तेच, तरी भजन पोकळ वाटायला लागतं. रॉकच्या बँडमध्ये बास गिटार हेच काम करते. फरक इतकाच की ती ठेक्याबरोबर सूरही धरते. पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासकडं होतं. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी पडदे असलेली, गळ्यात अडकवायची विजेवरची बास बाजारात आणली आणि तिला ‘प्रिसिजन’ नाव दिलं. पडद्यांमुळं सूर नेमका लागतो, म्हणून प्रिसिजन.

तिला चार तारा: ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या वरच्या चार जाड ताराच, पण एक सप्तक खाली. त्यामुळं घरात साधी गिटार असेल तर बास विकत घेण्याआधी त्या चार तारांवर बोटं बसवता येतात.

आता गाणं. आयरिश बँड यू-टूचं 1987 सालचं ‘विथ ऑर विदाउट यू’ घ्या. जवळजवळ अख्ख्या गाण्यात बासचे चारच सूर आहेत. डीला सा मानलं तर सा, मंद्र प, मंद्र ध, मंद्र म. सा ए तारेच्या पाचव्या पडद्यावर; बाकीचे तिन्ही ई तारेवर, पाचव्या, सातव्या आणि तिसऱ्या पडद्यावर. प्रत्येक सुराचे आठ ठोके. झालं. हातात वाद्य घेण्याआधी हे चार सूर हार्मोनियमवर धरून गळ्यातून म्हणा. जे गळ्यातून निघत नाही ते बोटातून कधी निघालेलं मी पाहिलेलं नाही.

सोपं वाटलं ना? आता हेच पाच मिनिटं वाजवा. दुसऱ्या मिनिटाला बोटांना खाज सुटते. मधेच एखादी हरकत घ्यावीशी वाटते, लय पुढं पळते. मी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात नवा होतो तेव्हा अशाच हरकती घेत सुटलो होतो. गायकानं गाता गाता मागं वळून माझ्याकडं जे पाहिलं, ते अजून आठवतं. गाण्याची मूळ लय मिनिटाला 110 मात्रांच्या आसपास आहे. तुम्ही 60 पासून सुरू करा. मोबाइलमधला मेट्रोनोम लावा, नाहीतर तबल्याचं ॲप. दोन दिवस चुकलं नाही तरच पाच मात्रा वाढवा.

हाताचं थोडक्यात सांगतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, पावलं टाकल्यासारखं. डाव्या हाताचं बोट पडद्यावर नको, त्याच्या किंचित अलीकडं हवं. तिथं कमी जोर लागतो आणि तार झणझणत नाही. पहिल्या पडद्यांची घरं लांब असतात, तिथं करंगळीच्या मदतीला अनामिका द्या. पहिले काही आठवडे बोटांची टोकं हुळहुळतील. कापूस वेचणाऱ्या हातांना त्याचं काय कौतुक! पण फोड आला तर मात्र थांबा. आणि मनगट दुखायला लागलं तर पट्टा आखूड करा. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबकळत ठेवायची ऐट स्टेजवर.

दुसरं गाणं शांततेसाठी घ्या. ‘क्वीन’चं 1980 सालचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. ते लिहिलं बँडच्या बासवादकानं, जॉन डीकननं. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तिथंच पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. या गाण्यात ठसठशीत ठोके पडतात आणि मग मोकळी जागा येते. ती जागा खरोखर मोकळी राहिली पाहिजे. ठोका दिल्यावर डाव्या बोटाचा दाब सैल करायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही. बाकीच्या ताराही दोन्ही हातांनी झाकून ठेवायच्या. शिकणारे सूर काढायला शिकतात, सूर थांबवायला कोणी शिकत नाही. मग सगळं गिचमिड होतं आणि दोष ॲम्प्लिफायरला जातो.

हे जमल्यावर पिंक फ्लॉइडचं ‘मनी’, 1973 चं. त्याची चाल सात मात्रांत फिरते. आठ मोजायची सवय झालेले शहरातले वादकही इथं अडखळतात. ज्यानं रूपकात भजन ऐकलंय त्यानं कशाला घाबरायचं? फक्त रूपकात समेवर खाली असते, इथं पहिल्या मात्रेवर वजन आहे, हे ध्यानात ठेवा. आणि मधल्या गिटारच्या तुकड्यात गाणं चार मात्रांत शिरतं, तिथं झोपू नका.

सरावाला बसलात आणि वीज गेली, तर बास जवळजवळ मुकी होते. तेव्हा तिच्या वरच्या शिंगाचं टोक लाकडी कपाटाला टेकवून वाजवा, कपाट घुमायला लागतं. नाहीतर हनुवटी तिच्या अंगावर टेकवा, हाडातून सूर ऐकू येतो. वीज आल्यावर मात्र ती छोट्या होम थिएटरला जोडू नका, स्पीकरचा पडदा फाटू शकतो.

एवढ्यात घरातून आवाज येईल की मांडणीवरचं पातेलं वाजतंय. वाजणारच. प्रत्येक भांडं आपल्या एखाद्या ठरावीक सुराला थरथरतं. तो सूर तुमच्या कोणत्या पडद्यावर आहे ते आधी शोधा, मग पातेलं हलवा.