औषध आणि मूत्रपिंड



१९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होते; त्याने मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुढे याची चौकशी केली.

परंतु मूत्रपिंडाला धोका केवळ भेसळीचाच असतो असे नाही. जेंटामायसिन हे प्रतिजैविक आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिन ही गुणकारी औषधेही मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करू शकतात. यावर उतारा शोधताना संशोधकांचे लक्ष बीटा-ब्लॉकर औषधांकडे गेले. ही औषधे हृदयाची गती व रक्तदाब कमी करतात. त्यांपैकी कार्व्हेडिलॉलमध्ये ऑक्सिडीकरण रोखण्याचाही गुण आहे. उंदरांना ते दिले असता वरील दोन्ही औषधांनी होणारी इजा कमी झाल्याचे आढळले.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे. याच गटातील अटेनोलॉल मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुबळे असेल तर ते शरीरात साचते आणि नाडी फार मंदावू शकते. तेव्हा मूत्रपिंड वाचेल या आशेने शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी एकाएकी बंदही करू नका.

पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगणे एवढेच: बाटलीवरचे नाव वाचून थांबू नका, आत काय आहे ते तपासा. इल्म ही अमानत आहे. तिच्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.